नळीतली साखर, मनगटातली नाडी

ज्यानं बेनेडिक्टची निळी बाटली पाहिली नाही, त्याला आमच्या काळातला मधुमेह कळायचा नाही. काचेच्या नळीत ते निळं द्रावण 5 मिली घ्यायचं, त्यात लघवीचे 8 थेंब सोडायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी तिरकी धरून उकळायची. नळीचं तोंड भिंतीकडं ठेवायचं, कारण उकळी फुटली की आतलं सगळं पिचकारीसारखं बाहेर यायचं. रंग निळाच राहिला तर निश्चिंती. हिरवा झाला तर एक अधिक, पिवळा झाला तर दोन, नारिंगी तीन आणि विटकरी झाला तर चार. पेशंटांना आकड्यांशी देणंघेणं नसे, त्यांना रंग पाठ असत. "आज हिरवं निघालं का पिवळं?" एवढंच ते विचारायचे आणि त्यावर सणाला पुरणपोळी खायची की नाही ते ठरायचं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी कळंबच्या बाजारपेठेत औषधाच्या दुकानात उभा राहिलो, तो केस पांढरे होईपर्यंत. तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद होता, 2023 मध्ये तो धाराशिव झाला. मोठं दुखणं आलं की लोक बार्शी, सोलापूर किंवा लातूर गाठायचे. येडशीला छोटी आगगाडी मिळाली तर तीत, नाहीतर एसटीत. मधुमेह हे मोठं दुखणं धरलं जातच नसे. तो पाटला-सावकारांचा, गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्यांचा आजार. रानात राबणाऱ्या माणसाला तो होतो, हे आमच्या तेव्हाच्या समजुतीत बसत नव्हतं.

मधुमेहाच्या औषधांना दुकानात एक फळी पुरायची. रॅस्टिनॉन, डायबिनीज, डाओनिल आणि डीबीआय. पुढं मेटफॉर्मिनच्या गोळ्या आल्या, ग्लायकोमेट आणि ग्लायसीफेज. एवढ्यात खेळ संपला. रॅस्टिनॉन म्हणजे टॉलब्युटामाइड. ही गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण जास्त दिसतं, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीनं 1970 मध्येच काढला होता आणि त्यावर तिकडच्या डॉक्टरांत वर्षानुवर्षं भांडणं चालली होती. आमच्या काउंटरपर्यंत त्यातलं अवाक्षर आलं नाही. डीबीआय म्हणजे फेनफॉर्मिन. रक्तात आम्ल साठून माणूस दगावतो म्हणून अमेरिकेनं ते 1977 मध्ये बाजारातून काढलं. आपल्याकडं त्याच्यावर बंदी आली 2003 मध्ये. मधली पंचवीस-सव्वीस वर्षं ते आपल्या देशात बिनबोभाट विकलं गेलं.

इन्सुलिन म्हणजे तर घरात एक व्रतच असे. काचेची सिरिंज आणि सुई स्टीलच्या डबीत घालून स्टोव्हवर उकळायची, चिमट्यानं उचलायची, गार होऊ द्यायची. सुई बोथट झाली की दगडावर घासणारी माणसं मी पाहिली आहेत. फ्रीज गावात दोन-चार घरी असेल नसेल. म्हणून इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माठाच्या गारव्याला ठेवायची. कळंबच्या उन्हाळ्यात तेवढाच आसरा. त्या बाटलीतलं इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असायचं. माळकरी घरांत ही गोष्ट कुणी उच्चारत नसे आणि आम्हीही सांगत नसू.

त्या काळातली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडायची. डॉक्टर नाडी धरायचे. पेशंट समोर स्टुलावर बसला की आधी मनगट हातात, नजर भिंतीवरच्या घड्याळावर आणि मिनिटभर शांतता. मग जीभ, मग डोळ्याची खालची पापणी, मग पोट. रस्त्यानं जाताना एखादा आबा ओट्यावर दिसला तरी डॉक्टर सायकल थांबवून मनगट धरायचे. नाडी पाहिल्याशिवाय चिठ्ठी लिहिली तर लोकांना ते औषध लागू पडेलसं वाटत नसे.

पण त्या हाताचं कौतुक करताना एक सांगायला हवं. हाताला लागत होतं ते सगळं कळत होतं असं नाही. दहा-पंधरा वर्षांचा जुना मधुमेही यायचा आणि म्हणायचा, "डॉक्टरसाहेब, बसून उठलं की डोळ्यापुढं अंधारी येलालीय बघा." नाडी नव्वदच्या पुढं, बसल्या जागी. डॉक्टर म्हणायचे, अशक्तपणा आहे. चिठ्ठीवर लाल टॉनिक आणि बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन. मीच ते काढून द्यायचो. मग एखाद्या सकाळी खबर यायची की आबा रात्री झोपेतच गेले. छातीत कळ नाही, घाम नाही, कुणाला हाक मारली नाही. फार तर आदल्या संध्याकाळी पोट जड वाटतंय म्हणून ओवा-सोडा घेतलेला. मयतीला जमलेले लोक म्हणायचे, पुण्यवान माणूस, एवढं सोपं मरण कुणाला येतं! त्यातले काही खरंच वयानं गेले असतील. पण आज मला खात्रीनं वाटतं की त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हृदयाच्या नसा आधीच मेलेल्या होत्या. दुखण्याची वर्दी द्यायला आत कुणी उरलंच नव्हतं.

हे प्रकरण समजायला सोपं आहे. हृदय स्वतःच्या लयीत चालतं, पण त्याला हाकणाऱ्या दोन तऱ्हेच्या नसा असतात. बैलगाडीत एका हातात कासरा आणि दुसऱ्या हातात चाबूक असतो, तसंच हे. कासरा म्हणजे व्हेगस नस. ती मेंदूपासून थेट पोटापर्यंत उतरते आणि हृदयाला आवरून धरते. चाबूक म्हणजे सिम्पथेटिक नसा. त्या ठोके वाढवतात आणि आपण उठून उभे राहिलो की रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सावरतात. रक्तातली जास्तीची साखर आणि बारीक रक्तवाहिन्यांची खराबी यांचा मार सहसा लांब नसांना आधी बसतो. म्हणून पायाला मुंग्या येतात आणि म्हणूनच व्हेगसही लवकर निकामी व्हायला लागते. कासरा सुटला की नाडी विनाकारण धावते. पुढं सिम्पथेटिकही गेल्या की माणूस उभा राहताच रक्तदाब कोसळतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. हृदयविकाराचा झटका येतो, पण वेदना मेंदूपर्यंत पोचत नाही.

आमचे डॉक्टर ज्या काळात लाल टॉनिक लिहीत होते, त्याच काळात स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला डेव्हिड ईविंग आणि बॅझिल क्लार्क हे दोघे याच नसा तपासायच्या साध्या पद्धती बसवत होते. त्यांनी पाच चाचण्या ठरवल्या. मिनिटाला सहा या गतीनं खोल श्वास घ्यायला लावायचा आणि ठोके किती वरखाली होतात ते बघायचं. निरोगी माणसात हा फरक 15 किंवा जास्त असतो, 10 च्या आत आला की नस बिघडलेली. आडव्या माणसाला उभं करून ठोक्यांची चाल पाहायची. तोंडानं नळीत जोर लावून फुंकायला सांगायचं. मूठ घट्ट आवळून धरायला लावून रक्तदाब मोजायचा. आणि आडवा असताना आणि उभा राहिल्यावर रक्तदाब किती पडतो ते पाहायचं. ठोके नीट मोजायला ईसीजीची पट्टी लागते हे खरं, पण शेवटच्या चाचणीला काय लागतं? एक खाट, एक रक्तदाबाचं यंत्र आणि आठ-दहा मिनिटांची सवड. ज्यांच्या नसा पक्क्या बिघडलेल्या आढळल्या, त्यांतले जवळपास निम्मे पुढच्या पाच वर्षांत दगावले, असं ईविंग यांच्या नोंदींत दिसलं. मग जगभरचे डॉक्टर या दुखण्याकडं गंभीरपणे बघायला लागले.

आमच्या मुलखात या नसांची खरी परीक्षा व्हायची ती नवरात्रात. नऊ दिवसांचे कडक उपास आणि मग कोजागरीला सोलापूर-बार्शीपासून चालत तुळजापूर. डायबिनीजचा अंमल एका गोळीवर दिवस-दीड दिवस टिकायचा, त्याहूनही जास्त. पोटात अन्न नाही, पायाखाली वीस-चाळीस किलोमीटर आणि रक्तात ती गोळी. साखर उतरली की धडधड होते, हात कापतात, घाम फुटतो. ही शरीरानं दिलेली सूचना असते. माणूस बसतो, गुळाचा खडा तोंडात टाकतो आणि सावरतो. पण ही सूचना देणाऱ्याही त्याच नसा. त्या गेल्या की धडधड होत नाही, घाम येत नाही, माणूस बोलता बोलता बरळायला लागतो आणि कोसळतो. रस्त्यात असं कुणी पडलं की लोक म्हणायचे, आईनं पाहिलं. भंडारा लावायचे, वारा घालायचे. साखर तळाला गेली की हृदयाची लयही बिघडू शकते, हे आता नीट माहीत झालंय. तेव्हा दुकानातून गोळी देताना "उपास असंल तर गोळी घेऊ नका" एवढं एक वाक्य चिठ्ठीवर लिहिलेलं मला क्वचितच दिसायचं. त्यात रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर उरलीसुरली धडधडही दबायची.

आता त्याच दुकानात मधुमेहाचं अख्खं कपाट आहे. नव्या मुलांना गोळ्यांची कुळं शेपटावरून ओळखता येतात. ग्लिप्टिन संपलं की एक घराणं, ग्लिफ्लोझिन संपलं की दुसरं. शिवाय आठवड्याला एकदा टोचायची पेनं. ग्लुकोमीटर हातगाडीवाल्याच्या घरीही सापडतं आणि बेनेडिक्ट फक्त शाळेच्या प्रयोगशाळेत उरलंय. भूम-परंड्याच्या खव्यासाठी नाव कमावलेल्या, कुंथलगिरीचा पेढा घराघरांत मानानं वाटणाऱ्या या जिल्ह्यात आता मधुमेह सावकाराला विचारत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये आलेल्या पाहणीत देशातले मधुमेही 10 कोटींच्या वर निघाले. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आपला आणि लंडनच्या त्यांच्या मित्राचा एकत्र फोटो दाखवतात. उंची-वजनाचं गणित दोघांचं अगदी एकसारखं, पण मित्राच्या अंगात चरबी 9 टक्के आणि याज्ञिकांच्या 21 टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाला शुगर कशी होते, हे त्या एका फोटोनं सगळ्यांना समजावलं.

मग ही नवी औषधं हृदयाच्या नसांना काय करतात? गिऱ्हाईक हा प्रश्न विचारत नाही, पण औषध विकणाऱ्यानं स्वतःला विचारायला हवा.

मेटफॉर्मिननं 1998 च्या इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात आपलं नाणं खणखणीत ठरवलं. स्थूल मधुमेहींत हृदयविकाराचे झटके तिनं लक्षणीय कमी केले. पण ती वर्षानुवर्षं घेतली की बी-12 उतरू शकतं आणि त्यानंही नसा बिघडतात. आपल्या जिल्ह्यात पंढरीची माळ घातलेली, मांस-अंडी वर्ज्य असलेली घरं मोप. त्यांच्यात बी-12 आधीच कमी. तळपायाची आग होते म्हणून लोक शुगरला बोल लावतात, आणि कधी कधी दोष त्या विटामिनचा असतो. मग आगीवर म्हणून रात्रीची अमिट्रिप्टिलीन सुरू होते, ती स्वतःच नाडी वाढवते आणि उभं राहिल्यावरचा रक्तदाब पाडते. प्रोस्टेटची गोळी, रक्तदाबाची गोळी, लघवी होण्याची गोळी, या सगळ्यांचा त्याच ठिकाणी मार. एकेक चिठ्ठी बरोबर असते, चार चिठ्ठ्या एकत्र आल्या की आबा मोरीत पडतात.

ग्लिफ्लोझिन घराण्याची गोष्ट सगळ्यात नवलाची. जादा साखर लघवीवाटे बाहेर काढायची, इतकाच त्यांचा उद्योग. ज्या साखरेवर आम्ही नळीत रंग शोधायचो, तीच लघवीतली साखर आता औषधच मुद्दाम काढतं. 2015 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या अभ्यासात हृदयविकारानं होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी घटलेले दिसले, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञही चकित झाले. या गोळ्यांनी रक्तदाब थोडा उतरतो, पण एरवी रक्तदाब उतरला की नाडी वाढते तशी ती इथं वाढत नाही. म्हणजे चाबकाचा हात थोडा सैल पडत असावा, असा अंदाज बांधला जातो. पेटंट संपल्यामुळं 2025 च्या मार्चनंतर 60 रुपयांच्या घरातली एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी 10-15 रुपयांवर आली, तर काही कंपन्यांची त्याहून खाली. आमच्यासारख्या जिल्ह्याला हे मोठं वरदान. पण लघवीवाटे पाणीही जातं. उन्हाळ्यात ऊस तोडणारा, दिवसभर उन्हात उभा असणारा माणूस, त्यात उभं राहिल्यावर रक्तदाब पडायची खोड, त्याला ही गोळी जपूनच. कडक उपासाला आणि उलट्या-जुलाबाला डॉक्टरांना विचारून ती थांबवायची, हे काउंटरवर सांगायलाच हवं.

आठवड्याच्या इंजेक्शनांचं उलटंच. त्यांच्याच घराण्यातल्या, पण रोज टोचायच्या लिराग्लुटाइडनं 2016 च्या अभ्यासात हृदयाचे मोठे झटके-अपघात 13 टक्क्यांनी कमी केले, वजनही उतरवलं. तरी या घराण्यानं नाडी मिनिटाला दोन-तीन ठोक्यांनी वाढते आणि श्वासाबरोबरचा ठोक्यांचा चढउतार काहीसा कमी होतो. नसेला त्रास, हृदयाला फायदा. दोन्ही एकाच वेळी खरं. ग्लिप्टिन या बाबतीत बहुतेक तटस्थ. आणि निकामी झालेली नस पुन्हा जिवंत करील असं औषध आजवर निघालेलं नाही. सुरुवातीलाच सापडलं तर चालणं, वजन उतरवणं, रक्तदाब आणि चरबी ताब्यात ठेवणं यानं काही कमावता येतं. डेन्मार्कमध्ये 160 मधुमेहींतल्या निम्म्यांवर आठएक वर्षं असा चौफेर उपचार केला, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या बाकीच्यांपेक्षा त्यांच्यात या नसांची खराबी वाढायचा धोका निम्म्याहून कमी राहिला, असं 2003 मध्ये जाहीर झालं.

नुसती साखर दाबून काय होतं, तो धडा 2008 चा. अमेरिकेत हजारो मधुमेहींची साखर औषधांचा मारा करून खूप खाली आणली, तर त्या गटात मृत्यू वाढले आणि तो भाग मध्येच थांबवावा लागला. नंतर आकडे तपासले तेव्हा दिसलं, ज्यांच्या हृदयाच्या नसा आधीच बिघडलेल्या होत्या ते, साखर कडक दाबलेली असो वा नसो, जास्त दगावले होते. नळी विटकरी असो की तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा एचबीएवनसी साडेनऊ, साखर उतरवायच्या आधी समोरच्या माणसाच्या नसा कशा आहेत हे पाहायला हवं, असं मला त्यातून वाटतं.

आणि नेमकं हेच आता कुणी पाहत नाही. रिपोर्ट येतो, त्यात साखर तीन तऱ्हेनं लिहिलेली, क्रिएटिनिन, चरबी, सगळं छापील. डॉक्टरांची नजर कागदावर आणि मोबाइलवर. बोटाला लावलेल्या चिमट्यावर नाडी दिसते, पण ती कुणी वाचत नाही. बसल्या बसल्या रक्तदाब घेतला की झालं. उभं राहून रक्तदाब घेतलेला पेशंट मी दुकानात विचारून विचारून शोधला, सापडणं मुश्कील. आमच्या वेळी हात होता आणि कशासाठी धरायचा ते माहीत नव्हतं. आज ते पुस्तकात लिहिलेलं आहे, परीक्षेत विचारलं जातं, आणि मनगट धरायला कुणाला वेळ नाही. जुना काळ परत आणावा असं मी म्हणत नाही. उकळलेल्या सुया, डायबिनीज आणि फेनफॉर्मिन यांना माझा लांबूनच रामराम.

या कामाला मोठं हॉस्पिटल लागत नाही, हे आमच्या जिल्ह्यानं आधीच दाखवून दिलंय. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं. खेड्यातल्या, शिक्षण जेमतेम असलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून गावात उभं केलं. डॉक्टर जिथं पोचत नाही तिथं गावचीच बाई नीट शिकवली तर पोचते, हे त्यातून दिसलं. आज आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आशाताई घरोघर जाऊन तिशीवरच्या माणसांचे फॉर्म भरतात, धाराशिवला सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. उपकेंद्रातल्या या अधिकाऱ्यांच्या हातात रक्तदाबाचं यंत्र आहे. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, उभं करून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा, एवढं तरी जुन्या मधुमेह्याचं वर्षातून एकदा व्हावं. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं पडला, किंवा शांत बसलेल्या माणसाची नाडी सारखी शंभराच्या वर राहिली, तर तशी चिठ्ठी डॉक्टरांकडं जावी आणि त्या माणसाच्या गोळ्या पुन्हा एकदा मांडून बघितल्या जाव्यात.

तोवर आपण आपलं करावं. दहा वर्षांची शुगर असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सरळ सांगा की उभं करून बीपी घ्या. वेळ नाही म्हणाले, तर बाहेरच्या बाकावर थांबतो म्हणा. नवरात्राच्या आधी गोळ्यांचा डबा घेऊन जा आणि उपासात कुठली बंद, कुठली निम्मी, ते लिहून घ्या. आणि घरातला जुना मधुमेही आबा "पोट जड वाटलालंय, दम लागलालाय" म्हणाला, तर ओवा-सोडा देऊन झोपवू नका, ईसीजी काढायला न्या. छातीत दुखलं नाही म्हणून हृदयविकार नाही, असं त्याच्या बाबतीत धरता येत नाही.